चिंध्यांची गोधडी
(वाचावे : योहान 6:12-13, मत्तय 9:16, 1 करिंथ 12:22)

देहूच्या आसपास आज कारखाने झाले आहेत. तथापि थंडीच्या दिवसांत गोधडीची ऊब कोणास नकोशी झालेली नाही. जुनी लुगडी, धोतरे व शिंप्याकडील कात्रणे यांची ती होते. तिजपासून आपण तीन गोष्टी शिकाव्या.

1. तुकडा टाकू नये. पाच हजारांस जेवू घातल्यावर प्रभूने उरलेले तुकडे गोळा करविले. त्यांनी बारा टोपल्या भरल्या. ज्याच्या हाती एवढे सामर्थ्य, त्यानेही काही वाया जाऊ दिले नाही.

2. कोरे सुती कापड आधी भिजवून वाळवावे. तसेच जोडल्यास ते धुतल्यावर आटते व जुन्यास फाडते. हाच दाखला देऊन प्रभूने शिकविले की, त्याने दिलेले नवे जीवन हे जुन्यावर लावण्याचे ठिगळ नव्हे.

3. बळकट लुगडे खाली व वर घालावे, जीर्ण तुकडे मध्ये पसरावे, आणि काठापासून आत धावदोरा घालीत जावे. जीर्ण तुकडा एकटा असता हातात फाटतो. थरांमध्ये शिवला म्हणजे तोच ऊब देतो. मंडळीतही जे अवयव अशक्त दिसतात ते अवश्य आहेत, असे पौल लिहितो. यास्तव वर्गणीच्या वहीत जिचे नाव नाही अशी विधवा उपासनेस न आली, तर उपदेशकाने त्याच दिवशी तिच्या दारी जावे.

प्रश्न : आपल्या मंडळीत कोणता तुकडा शिवावयाचा राहिला आहे? त्याच्याकडे या आठवड्यात कोण जाईल?