निरीक्षक मंडळ सोडतो, मग त्याच्या वह्यांचं काय होतं?

प्रश्न : आमच्या गावच्या आकाशनिरीक्षण मंडळात मी बरीच वर्षं आहे. रूपविकारी ताऱ्यांच्या तेजाच्या नोंदी घ्यायचा नाद लागला आणि आता वह्यांनी कपाटाचा एक खण भरला आहे. गुडघे साथ देत नाहीत, मुलगा बेंगळुरूला बोलावतो आहे. मंडळ सोडायचं नक्की केलं आहे. कुतूहल एवढंच आहे, की असे हौशी निरीक्षक थांबतात तेव्हा त्यांच्या कामाचं पुढे होतं तरी काय? ते खरोखर कोणाच्या उपयोगी पडतं का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : पडतं. आणि हे मी तुमचं मन राखायला म्हणत नाही. आपल्याच उपखंडातल्या एका माणसाचं आयुष्य त्याची साक्ष देतं.

राधागोविंद चंद्र यांचा जन्म १८७८ चा, जेसोर जिल्ह्यातला. जेसोर तेव्हा अखंड बंगालात होतं, आज बांगलादेशात आहे. शाळेची प्रवेश परीक्षा त्यांना पास होता आली नाही. कलेक्टर कचेरीच्या खजिन्यात त्यांनी साधी नोकरी धरली आणि रात्री आकाश पाहिलं. १९१० साली हॅलेचा धूमकेतू आला, तो त्यांनी लहान दुर्बिणीतून पाहिला. मग पैसे साठवून इंग्लंडहून तीन इंची दुर्बीण मागवली. जून १९१८ मध्ये गरुड तारकासमूहात एक नवतारा भडकला, तो त्यांना दिसला, आणि त्या निमित्ताने हार्वर्ड वेधशाळेशी पत्रव्यवहार सुरू झाला. तिथून ते रूपविकारी ताऱ्यांकडे वळले, म्हणजे ज्यांचं तेज कमीजास्त होत राहतं अशा ताऱ्यांकडे. अमेरिकेतल्या हौशी निरीक्षकांनी १९११ साली 'अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स' ही संस्था काढली होती. चंद्र तिला जेसोरहून वेध पाठवू लागले. त्यांचं काम पाहून संस्थेने १९२६ मध्ये सुमारे सहा इंची दुर्बीण त्यांच्याकडे वापरायला पाठवली. अमेरिकेत दिवस असतो तेव्हा बंगालात रात्र असते, त्यामुळे तिथल्या निरीक्षकांना जे तास मिळत नव्हते ते जेसोरहून भरून निघत होते.

१९५४ साली, पंचाहत्तरी ओलांडल्यावर, चंद्र थांबले. तोवर त्यांच्या नावावर ३७,००० हून अधिक वेध जमा झाले होते. फाळणीने त्यांचं घर सीमेपलीकडे गेलं. शेवटची वर्षं त्यांनी पश्चिम बंगालात काढली आणि १९७५ मध्ये बारासातला ते वारले. आता तुमच्या प्रश्नाचा गाभा इथे आहे : ते थांबले तेव्हा दुर्बीण माळ्यावर गेली नाही. ती वेणू बाप्पू यांच्याकडे सोपवली गेली. बाप्पू स्वतः हैदराबादला विद्यार्थी असताना रूपविकारी ताऱ्यांचे वेध घेत असत आणि पुढे भारतातल्या आधुनिक वेधशाळांच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. ही दुर्बीण अखेरीस तमिळनाडूत कावलूरला पोचली, जिथली वेधशाळा आज बाप्पूंच्या नावाने ओळखली जाते. आणि चंद्रांचे वेध संस्थेच्या संग्रहात राहिले. आज त्या संग्रहात पाच कोटींहून अधिक नोंदी आहेत आणि प्रत्येक नोंदीपुढे ती घेणाऱ्याची खूण असते. निरीक्षक गेला म्हणून ती खूण कोणी पुसत नाही, दुसऱ्याला देतही नाही.

पण जुन्या नोंदी जपून तरी काय साधतं, असं तुम्ही विचाराल. वासुकी तारकासमूहातला 'आर हायड्री' हा तारा घ्या. तो लाल राक्षसी तारा आहे, दीर्घ काळात फुगतो आणि आकसतो, त्याबरोबर त्याचं तेज चढतं आणि उतरतं. अठराव्या शतकात या एका फेरीला सुमारे ४९५ दिवस लागत. विसाव्या शतकाच्या मध्याला तीच फेरी ३८५ दिवसांवर आली होती. ताऱ्याच्या अंतरंगात काहीतरी बदललं, त्याची ही खूण. कोणत्याही एका खगोलशास्त्रज्ञाला, त्याच्याकडे कितीही मोठी दुर्बीण असली तरी, हे आपल्या हयातीत पाहता आलं नसतं. पिढ्यान्पिढ्या माणसं आपापल्या रात्रींची भर घालत गेली आणि पुढच्यांच्या हाती देत गेली, म्हणून ते कळलं.

अलीकडचं उदाहरण मृगातल्या काक्षी या ताऱ्याचं. २०१९ च्या अखेरीस काक्षी मंद होऊ लागला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये त्याचं तेज जवळपास १.६ प्रतीपर्यंत उतरलं (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद). जगभर चर्चा झाली, तारा आता स्फोट पावणार का म्हणून. हे मंदावणं नेहमीचं की अपूर्व, हे ठरवायला आधीच्या अनेक दशकांच्या नोंदी लागत होत्या, आणि त्यातला मोठा भाग गच्चीवरून, अंगणातून पाहणाऱ्या हौशी लोकांनी ठेवलेला होता. हबल अंतराळ दुर्बिणीच्या बाबतीतही असंच झालं. अचानक भडकणाऱ्या काही ताऱ्यांकडे तिचं एक नाजूक उपकरण रोखायचं होतं, पण तारा त्या क्षणी भडकलेला असला तर उपकरणाला इजा होण्याचा धोका होता. तेव्हा हौशी निरीक्षकांना विनंती केली गेली, की हे तारे रात्रंदिवस नजरेखाली ठेवा आणि शांत असल्याचं कळवा. 'आज काही झालं नाही' ही नोंदसुद्धा शास्त्राला हवी असते, हे त्यातून दिसतं. तुमच्या वह्यांत 'दिसला नाही, अमुक प्रतीपेक्षा मंद' अशा ओळी असतील तर त्या गाळू नका.

आता सोडण्याविषयी. इथे एक बारीक गोष्ट आहे, जी मंडळातल्या जुन्या सभासदांनाही क्वचित ठाऊक असते. डोळ्याने तेज ठरवताना आपण शेजारचे दोन स्थिर तारे घेतो, एक जरा तेजस्वी, एक जरा मंद, आणि आपला तारा या दोहोंच्या मध्ये कुठे बसतो ते ठरवतो. पण माणसामाणसाचा डोळा वेगळा. लाल ताऱ्याच्या बाबतीत हा फरक अधिकच जाणवतो. कोणाला तो सतत थोडा अधिक तेजस्वी दिसतो, कोणाला थोडा मंद. दोन-तीन दशांश प्रतींचं अंतर सहज पडतं. एकाच माणसाच्या नोंदी एकमेकींशी जुळतात, कारण त्याच्या डोळ्याची सवय कायम असते. तो अचानक थांबला आणि दुसऱ्या दिवसापासून दुसरा पाहू लागला, तर आलेखात एक पायरी दिसते, आणि ती ताऱ्याची आहे की डोळ्याची हे नंतर कोणाला सांगता येत नाही. म्हणून जाणारा आणि येणारा यांनी काही महिने एकच तारा एकाच काळात पाहावा. आपापला आकडा वेगवेगळा लिहावा, एकमेकांचा बघू नये. त्या काही महिन्यांवरून दोन डोळ्यांमधला फरक काढता येतो आणि मालिका अखंड राहते. मंडळ सोडण्याची खरी तयारी मला हीच वाटते. निरोपाचा कार्यक्रम, शाल-श्रीफळ हे सगळं छानच, पण मंडळातल्या एखाद्या कॉलेजच्या मुलीला किंवा मुलाला हाताशी धरून तुमचे दोन-तीन तारे सोपवलेत, तर तुमच्या मागे ती रेघ तुटणार नाही.

वह्यांविषयीही सांगायला हवं, कारण नुकसान बहुतेक वेळा इथेच होतं. तुम्ही नुसता अंतिम आकडा लिहीत होतात, की तुलनेचे तारे कोणते आणि त्यांच्यामध्ये आपला तारा कुठे, हेही लिहिलं आहे? दुसरं असेल तर तुमच्या वह्या सोन्यासारख्या आहेत. तुलनेच्या ताऱ्यांच्या प्रती पुढे नव्याने, अधिक अचूक मोजल्या जातात. मूळ तुलना कागदावर असेल तर जुना वेध नव्या आकड्यांनी पुन्हा काढता येतो. फक्त आकडाच असेल तर तो जसा आहे तसाच ठेवा. आज आठवणीवरून किंवा पुस्तकात पाहून तो 'सुधारायचा' मोह होतो, त्याला बळी पडू नका.

वेळेचंही तसंच. 'बारा डिसेंबरची रात्र' म्हणजे मध्यरात्रीपूर्वी की नंतर? खगोलशास्त्रात ज्युलियन दिनांक वापरतात, त्याने हा घोटाळा टळतो : तो ग्रीनिचच्या दुपारी बाराला, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला बदलतो, त्यामुळे भारतातली अख्खी रात्र एकाच दिनांकात येते. आणि तुमच्या कपाटात वडिलांच्या किंवा गुरूंच्या चाळीसच्या दशकातल्या वह्या असतील तर आणखी एक गोष्ट पाहा. मुंबईत भारतीय प्रमाणवेळ आल्यानंतरही कित्येक वर्षं 'मुंबई टाइम' चालू होता, प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे. शिवाय दुसऱ्या महायुद्धात देशभरची घड्याळं काही काळ एक तास पुढे केली होती. मायरासारख्या ३३२ दिवसांच्या फेरीच्या ताऱ्याला ३९ मिनिटांनी काही फरक पडत नाही. पण अल्गोलसारखा तारा, जो दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी झाकला जातो, त्याच्या नोंदीत ही मिनिटं महत्त्वाची ठरतात. वहीच्या पहिल्या पानावर 'वेळ अमुक घड्याळाची' एवढी ओळ लिहून ठेवा.

तुम्ही मनात आणखी एक टोचणी धरून बसला असाल, की आपण गेलो तर काहीतरी हुकेल. ओहायोमधला लेस्ली पेल्टियर हा शेतकरी घरातला माणूस जगातल्या सर्वश्रेष्ठ हौशी निरीक्षकांपैकी एक. उत्तर मुकुटातला 'टी कोरोनी बोरिॲलिस' हा तारा १८६६ साली एकदा भडकला होता. तो पुन्हा भडकेल या आशेने पेल्टियर पंचवीसहून अधिक वर्षं त्याच्यावर नजर ठेवून होते. फेब्रुवारी १९४६ मध्ये एका पहाटे उठल्यावर सर्दीची चाहूल लागली म्हणून ते परत अंथरुणात शिरले, आणि तारा नेमका तेव्हाच भडकला. त्यांना त्याची हळहळ जन्मभर राहिली. पण शास्त्राचं काही बुडालं नाही, कारण दुसऱ्या देशांतल्या हौशी निरीक्षकांनी तो पाहिला होता. पुष्कळ माणसं पाहत असतात म्हणूनच एकट्याला विश्रांती घेता येते. तुम्हीही ती घेऊ शकता.

आपल्याकडची परिस्थिती मात्र मला काळजीची वाटते. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे, गोव्यात पणजीच्या जुंता हाऊसच्या गच्चीवर हौशी मंडळींनी सार्वजनिक वेधशाळा चालवली आहे, आणि लहान गावांतली तुमच्यासारखी मंडळं तर कितीतरी. लोकांना आकाश दाखवण्याचं काम त्यांनी फार मोठं केलं आहे. पण आकाश दाखवणं आणि आकाशाची नोंद ठेवणं ही कामं वेगळी आहेत, आणि दुसऱ्याला आपल्या मंडळांत पुरेशी जागा मिळत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. सभासद गेला की त्याच्या वह्या घरी जातात आणि घर बदललं की रद्दीत. प्रत्येक मंडळाने एक कपाट आणि एक जबाबदार माणूस यासाठी ठेवायला हवा. तुमच्या मंडळात ते नसेल, तर जाताना सुरू करून जा.

आणि मंडळ सोडलं म्हणजे आकाश सोडावं लागतं असं नाही. मी वर उल्लेखलेल्या अमेरिकी संस्थेला वेध पाठवायला सभासद असण्याचीही अट नाही. निरीक्षकाची खूण एकदा मिळाली की कुठूनही नोंद पाठवता येते. बेंगळुरूच्या आकाशात मंद तारे मिळणार नाहीत हे खरं, पण काक्षी उजेडातल्या शहरातूनही नुसत्या डोळ्यांनी दिसतो, आणि त्याचे वेध घेणाऱ्यांची गरज आजही आहे. गच्चीवर चढवत नसेल तर पूर्वेकडची किंवा पश्चिमेकडची खिडकी आणि एक खुर्ची पुरे.

तेव्हा सामान बांधण्याआधी एवढं करा. सगळ्या वह्यांच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून घ्या, मूळ वह्या मंडळाकडे लेखी पोच घेऊन द्या, आणि तुमचे तारे कोण पुढे पाहणार हे नाव ठरल्याशिवाय राजीनामा देऊ नका.