हातात खडू आणि रात्रीचा एक

अगं, परवा फोनवर तू म्हणालीस ना, "ताई, व्हिडिओ बघून शिकायला बसते आणि काहीच शिकून होत नाही," तेव्हा मी नुसती हसले. खरं सांगू? माझंही तेच चाललं होतं, घरात कुणाला बोलले नाही इतकंच. कटोरी ब्लाउजचा मुंढा कसा कापायचा, एवढंच बघायला बसायची. पुढचा मुंढा मागच्यापेक्षा जरा जास्त खोल घ्यायचा, हे बाई सांगेपर्यंत उजवीकडच्या रांगेत पैठणीचे काठ दिसायचे. तिथून कुणाच्या तरी लग्नाचा रुखवत, मग रुखवतातले लाडू. घड्याळात एक वाजलेला, हातात खडू तसाच आणि कापडावर एक रेघ नाही!

शेवटी लॅपटॉपवर फ्रीट्यूब टाकून बघितलं. व्हिडिओ यूट्यूबचेच, दाखवणारं ॲप्लिकेशन तेवढं वेगळं. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. गूगलचं खातं लागत नाही. कोणती चॅनेल धरलीस, काय बघितलंस, ते सगळं आपल्याच लॅपटॉपवर राहतं. डाउनलोड मात्र त्यांच्या स्वतःच्याच साइटवरून कर, शोधताना वर येईल त्यावर टिचकी मारू नकोस.

आता नीट ऐक, कारण खरी गंमत सेटिंगमध्ये आहे. तिथे 'डिस्ट्रॅक्शन फ्री' म्हणून एक भाग आहे. त्यात जाऊन सुचवलेले व्हिडिओ लपव, कॉमेंटही लपव. मी केलं आणि पहिल्या दिवशी चक्क करमेना. व्हिडिओ संपला, बाजूला काही नाही, पुढे काय करायचं कळेना. मग कात्री घेतली. वेग अर्ध्यावर आणला, बाईंचा हात मुंढ्याच्या वळणावर आला की थांबवायचं, आपला खडू फिरवायचा, पुन्हा चालू. चार वेळा मागे नेलं, पण अस्तर त्याच रात्री कापून झालं.

घरात लॅपटॉप एकच, म्हणून मी दोन प्रोफाइल केले, एक शिवणाचा, एक तुझ्या भाऊजींच्या क्रिकेटचा. पण प्रोफाइलने फक्त चॅनेल वेगळी होतात हं, बघितलेल्याची यादी एकच राहते. लाडवांचे व्हिडिओ त्यांना तिथेच सापडले आणि दिवाळी लवकर येणार का, म्हणून विचारत होते.

त्रासही आहेत, लपवत नाही. यूट्यूबने आतल्या आत काही बदललं की हे अडतं, व्हिडिओ सुरूच होत नाही. तेव्हा नवी आवृत्ती यायची वाट बघायची. लाइक करता येत नाही, कॉमेंट लिहिता येत नाही. मला त्याचं दुःख नाही. जाहिराती दिसत नाहीत हे छान वाटतं, पण मग शिकवणारीला त्याचे पैसेही मिळत नाहीत. हे मनाला लागलं. म्हणून त्या बाईंकडून दोन कागदी पॅटर्न विकत मागवले. तूही ज्यांच्याकडून शिकशील त्यांचं काहीतरी घे, नाहीतर त्यांचे व्हिडिओ सरळ ब्राउझरमध्ये बघ.

आणि माझ्यासारखा वेडेपणा करू नकोस. मागच्या महिन्यात लॅपटॉप फॉरमॅट केला, सगळे फोटो आठवणीने काढून ठेवले आणि चॅनेलांची यादी विसरले. खात्यात काही नव्हतंच, परत कुठून येणार? सेटिंगमध्ये 'डेटा' म्हणून भाग आहे, तिथून यादी एक्सपोर्ट करून पेनड्राइव्हवर ठेव. दोन मिनिटांचं काम आहे, मी मात्र अख्खी संध्याकाळ एकेक चॅनेल आठवत बसले होते.

रविवारी दुपारी फोन कर, सेटिंग दोघी मिळून करू. आणि येशील तेव्हा तो ब्लाउज दाखवते. डावी कटोरी अजून जरा वर चढते, टक्स चुकला की मापच चुकलं, तूच बघून सांग.