घोड्यावरून धबधब्याला जायचंय? आधी महिना ठरवा, मग बजेट

नाशिककर धबधबा बघायला श्रावणात निघतो आणि घोड्यावर बसायला मे महिन्यात माथेरान नाहीतर महाबळेश्वर गाठतो. दोन्ही एकाच सहलीत हवं असेल तर वर्षातले फार थोडे दिवस हाती लागतात. सप्टेंबरच्या अखेरीस पाऊस ओसरू लागतो, तिथपासून दिवाळीची गर्दी सुरू होईपर्यंतचे. तेव्हा ओढ्यांना पाणी असतं, वाट घोड्याच्या पायाखाली घट्ट झालेली असते आणि आठवड्यातल्या मधल्या दिवशी गेलात तर खोलीचं भाडंही आवाक्यात राहतं.

घोडा कुठे मिळेल, कुठे नाही

नाशिकच्या आसपासचे बहुतेक धबधबे पायी जाण्याचे आहेत. त्र्यंबकेश्वरच्या पुढे जव्हार रस्त्याला दुगारवाडी, त्र्यंबक-घोटी रस्त्यावर पहिने, इगतपुरीजवळ भावली. दुगारवाडीला गाडी लावल्यावर ओढा ओलांडून, दगडांवरून उतरावं लागतं. तिथे घोड्याचा उपयोग नाही.

जंगल, घोडा आणि पडतं पाणी हे तिन्ही हवं असेल तर नाशिककराला सोयीचं ठिकाण माथेरान. दस्तुरी नाक्याच्या पुढे खासगी गाड्यांना बंदी असल्यामुळे घोडा हे तिथलं रोजचं वाहन आहे. बाजारपेठेतून झाडीतल्या लाल मातीच्या वाटेने शार्लोट तलावाकडे जाता येतं. पावसाळ्यात तलाव भरला की बांधावरून पाणी वाहू लागतं. शेजारीच पिसारनाथाचं देऊळ आहे. हा तलाव गावाच्या पिण्याच्या पाण्याचा, म्हणून पाण्यात उतरायचं नाही.

पाणी पावसाचं की धरणाचं?

हंगाम ठरतो तो या प्रश्नावर. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट पाणी फारसं धरून ठेवत नाही. त्यामुळे दुगारवाडी-पहिनेसारखे धबधबे पाऊस थांबला की काही आठवड्यांत बारीक होतात आणि हिवाळ्यात त्यांची धार उरते. नाशिक शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, इगतपुरीला तीन हजारांच्या पुढे. गंगापूर रोडवर ऊन पडलंय म्हणून घाटातही उघडीप असेल असं समजू नका.

धरणाखालचे धबधबे वेगळे. गंगापूर गावाजवळचा सोमेश्वरचा धबधबा, ज्याला आपण दूधसागर म्हणतो, तो गंगापूर धरणातून सोडलेल्या पाण्यावर भरतो. १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाच्या पायथ्याचा अंब्रेला फॉलही धरणाचं पाणी सोडलं तरच दिसतो. खाली प्रवरेवरचा रंधा धबधबा सुमारे १७० फुटांचा. तिथलं पाणीही धरणाच्या विसर्गावर अवलंबून असतं. भंडारदऱ्याला निघण्याआधी मुक्कामाच्या ठिकाणी फोन करा आणि ‘पाऊस आहे का’ याच्याबरोबर ‘पाणी सोडलंय का’ हेही विचारा.

कोणत्या महिन्यात काय मिळतं

जून : पहिल्या सरींनी डोंगर हिरवा होतो, पण धबधबे भरलेले नसतात. वाटेवर ओला पाचोळा आणि शेवाळ. विजांचा धोकाही असतो. घोड्यासाठी वाईट.

जुलै ते ऑगस्टचा मध्य : पाणी सर्वांत जास्त, धोकाही सर्वांत जास्त. अतिवृष्टीचा इशारा आला की प्रशासन धबधब्यांवर बंदी घालतं आणि चेकपोस्टवरून परत यावं लागतं. माथेरानला खोल्या आठवड्याच्या मधल्या दिवशी स्वस्त मिळतात, पण धुक्यात समोरचं दिसत नाही आणि घोडा घसरतो. नेरळहून वर जाणारी छोटी गाडीही जूनच्या मध्यापासून साधारण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असते. तेव्हा फक्त अमन लॉज ते माथेरान शटल चालते.

ऑगस्टची अखेर ते सप्टेंबर : दुगारवाडी आणि पहिन्याला पायी जाण्यासाठी हा काळ चांगला. गणपतीनंतरचा एखादा बुधवार-गुरुवार निवडलात तर गाडी लावायलाही जागा मिळेल.

सप्टेंबरची अखेर ते दिवाळीआधी : घोड्यासाठी हाच हंगाम. परतीच्या पावसाचे ढग दुपारनंतर जमतात, म्हणून फेरी सकाळी उरकावी. पाणी कमी-कमी होत जातं, तेव्हा धबधबा महत्त्वाचा असेल तर या काळाचा पहिला पंधरवडा धरा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी : घोड्यासाठी हवा उत्तम, धबधबा जवळजवळ नाही.

मार्च ते मे : पाणी नाही, वाटेवर लाल धूळ आणि मेमध्ये भाडी सर्वांत चढी. या महिन्यांत कोणी ‘धबधबा टूर’ विकत असेल तर पैसे देऊ नका.

एक वर्ष अपवादाचं. २०२७ मध्ये सिंहस्थाची अमृतस्नानं २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आहेत. त्या दोन महिन्यांत त्र्यंबकच्या रस्त्याने दुगारवाडीचा बेत आखूच नका.

घोडा ठरवताना

माथेरानात घोडे परवानाधारक असतात आणि दरपत्रक लावलेलं असतं. आधी ते वाचा, मग अश्वपालाशी बोला. भाव ठरवताना चार गोष्टी स्पष्ट करून घ्या : दर एका फेरीचा की जाऊन-येऊन, पॉइंटप्रमाणे की तासाप्रमाणे, पाण्याजवळ थांबलात तर वेळ मोजला जाणार का, आणि घोडा नेमका कुठपर्यंत जाणार. शेवटचा टप्पा पायी असेल तर आजी-आजोबांना तो झेपेल का, हे तिथेच विचारा.

घोड्याकडेही नीट पाहा. लंगडत असेल, खोगिराखाली जखम असेल, बरगड्या मोजता येत असतील तर दुसरा मागा. स्वार आणि खोगीर मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त नसावं, असा सर्वसाधारण नियम आहे. घोडा तीनशे किलोचा धरला तर मर्यादा खोगिरासकट साठ किलो. म्हणजे भरल्या अंगाच्या माणसाने मोठा घोडा मागावा किंवा चालावं. मूल पुढ्यात घेऊन दोघांनी एका घोड्यावर बसू नये.

बसल्यावर तंग आवळला आहे ना आणि रिकिबीत फक्त पायाचा पुढचा भाग आहे ना, ते पाहा. सँडल नको, टाच असलेला बंद बूट हवा. मुलांसाठी घरचं सायकलचं हेल्मेट न्या, काहीच नसण्यापेक्षा बरं. पेव्हर ब्लॉकवर घोडे घसरतात, ही माथेरानच्या अश्वपालांची जुनी तक्रार असून हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. तेव्हा ओल्या दिवशी मातीची वाट मागा आणि घोडा पळवायला सांगू नका.

चौघांचा खर्च

दोन मोठे आणि दोन मुलं असा हा अंदाज आहे. पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि गाडीची धाव लिटरला १५ किलोमीटर धरली आहे. तुमचे आकडे घालून बेरीज पुन्हा करा.

दुगारवाडी, एक दिवस, पायी : जाऊन-येऊन सुमारे ७० किलोमीटर, पेट्रोल ५०० रुपये. जेवण ८००, पार्किंग आणि प्रवेश मिळून २००. एकूण दीड हजार. त्र्यंबकपर्यंत एसटीने गेलात तर महिलांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं आणि ७५ च्या पुढे मोफत. पुढच्या रिक्षा-जीपचं भाडं मात्र परतीसकट ठरवून घ्या.

भंडारदरा, एक दिवस, पायी : दीडशे किलोमीटर धरले तर पेट्रोल १,०५०. जेवण १,२००, प्रवेश-पार्किंग ३००. एकूण अडीच हजारांच्या आसपास.

माथेरान, एक मुक्काम, घोड्यासह : नाशिक रोडहून सकाळी पंचवटीने कल्याण, तिथून कर्जत लोकलने नेरळ, मग शेअर टॅक्सीने दस्तुरी. जाऊन-येऊन प्रवासाला २,०००, प्रवासी कराला २००, मधल्या वारच्या साध्या खोलीला २,५०० आणि जेवणखाण्याला २,००० धरा. घोड्यासाठी माणशी हजार, म्हणजे ४,०००. बेरीज १०,७००. शनिवार-रविवारी खोलीचं भाडं दुप्पट झालं तर हाच खर्च तेरा हजारांच्या पुढे जातो. स्वतःच्या गाडीने गेलात तर पेट्रोल, टोल आणि दस्तुरीचं पार्किंग मिळून प्रवासाचा आकडा साडेतीन हजारांच्या घरात जाईल.

यात कपात करायची असेल तर घोड्यापासून सुरुवात करू नका, वार बदला. मधल्या वाराने वाचलेल्या अडीच हजारांत दोघांची घोडेस्वारी होते. दस्तुरी ते बाजार शटलने किंवा चालत जा आणि घोडा फक्त जंगलातल्या फेरीसाठी घ्या.

कधी जाऊ नये, आणि पैसे कसे वाचवावे

ऑगस्ट २०२२ मध्ये दुगारवाडीला ओढ्याचं पाणी अचानक वाढलं, वीसहून अधिक पर्यटक पलीकडे अडकले आणि एक जण वाहून गेला. पाऊस वर डोंगरात पडतो, खालच्याला कळतं ते पाणी गढूळ झाल्यावर. पाण्याचा रंग बदलला, काड्या-पाचोळा वाहून येऊ लागला की ओढ्याची घराकडची बाजू ताबडतोब गाठायची. नाशकात दुतोंड्या मारुतीच्या पायाला गोदावरी लागली असेल तर त्या दिवशी कोणताच धबधबा नको. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तरीही नको.

यासाठीच खोली घेतानाच व्हॉट्सॲपवर लेखी विचारा : अलर्टमुळे किंवा बंदीमुळे येता आलं नाही तर तारीख बदलून मिळेल की पैसे परत? उत्तर ‘बघू’ असेल तर आगाऊ रक्कम चौथ्या हिश्शाहून जास्त देऊ नका. पावती जपून ठेवा. लेखी कबूल केलेले पैसे परत मिळाले नाहीत तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते, आणि तेव्हा तो व्हॉट्सॲपचा मजकूरच पुरावा म्हणून कामाला येतो.