नदीच्या अलीकडे ये

मोहाडी,
रविवार रात्र

चि. सौ. छोटीस,


काल फोनवर तू सात-आठ वेळा 'हो आत्या' म्हणालीस, त्यापलीकडे एक शब्द नाही. बाजूला सासूबाई तांदूळ निवडत बसलेल्या, ओट्यावर सासरे. त्यांच्यासमोर अंगावरून काय जातं, कळ कुठून निघते हे कसं बोलणार, ते मला कळतं. म्हणून ही चिठ्ठी दादाच्या हाती पाठवते आहे. तू वाच आणि मग जावईबापूंनाही वाचायला दे. त्यात लाजायचं काही नाही.

सदतीस आठवडे परवा पूर्ण झाले. आपण नऊ महिने नऊ दिवस म्हणतो. दवाखान्याचा हिशोब शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून नऊ महिने सात दिवसांचा असतो, म्हणजे २८० दिवस. तुझ्या कार्डावर तारीख लिहिली आहे खरी, पण नेमक्या त्या तारखेला जन्मणारी बाळं शंभरात चार-पाचच. आजपासून कोणताही दिवस तुझा असू शकतो. तेव्हा कॅलेंडरपेक्षा अंगाकडे लक्ष दे.

परवा सांगत होतीस, आता श्वास मोकळा येतो, जेवण जातं, पण रात्री चार-चार वेळा लघवीला उठावं लागतं. बाळाचं डोकं खाली उतरलं आहे, त्याचं हे लक्षण. पहिलटकरणीला ते दोन-चार आठवडे आधीच उतरतं. तेवढ्यावरून घाई करायची नाही. कधी शेंबडासारखा चिकट, रक्ताची लालसर झाक असलेला स्राव जाईल. गर्भपिशवीच्या तोंडाशी बसलेलं ते बूच सुटलं असं समज. त्यानंतर काही तासांतही कळा सुरू होतात आणि कधी चार-पाच दिवसही जातात. दिसलं की मला सांगायचं, एवढंच. मात्र पाळीसारखं वाहतं लाल रक्त दिसलं तर ते बूच नव्हे. तेव्हा कोणाची वाट बघायची नाही, गाडीच बोलवायची.

आता कळांचं. खोट्या कळा तुला आठव्यापासून येतातच. खालच्या पोटात ओढ बसते, कधी वीस मिनिटांनी, कधी तासाने, आणि कुशीवर निजलं, पाणी प्यायलं की विरून जाते. खरी कळ बहुतेक वेळा कमरेतून निघते, दोन्ही बाजूंनी वळसा घालत पुढे येते. चाललीस, बसलीस, निजलीस तरी ती थांबत नाही. प्रत्येक कळ आधीच्यापेक्षा लांब, जोरकस आणि लवकर येते. एक युक्ती सांगते, चौतीस वर्षांच्या नोकरीत मी ती शेकडो जणींना शिकवली. आधी गाल दाबून बघ, मग हनुवटी, मग कपाळ. आता कळ आली की बेंबीच्या वर तळहात ठेव. पोट गालासारखं मऊ लागलं तर कळ हलकी, हनुवटीसारखं लागलं तर मध्यम. कपाळासारखं टणक झालं, बोट रुतेना, तर ती जोराची कळ. हे जावईबापूंनाही करता येईल. त्यांच्या हातात घड्याळ दे. एका कळेच्या सुरुवातीपासून दुसरीच्या सुरुवातीपर्यंत किती मिनिटं गेली आणि कळ किती सेकंद टिकली, ते वहीत लिहायचं.

शहरात डॉक्टर सांगतात, पाच-पाच मिनिटांनी, मिनिटभराच्या कळा तासभर आल्या की निघा. ते शहरातल्यांसाठी ठीक आहे. तू वैनगंगेच्या पलीकडे, करडीच्या बाजूला आहेस आणि हे दिवस पावसाचे आहेत. तुझ्या कळा दहा-पंधरा मिनिटांवर नेमाने यायला लागल्या की निघायचं. पहिलं बाळंतपण बहुधा बारा-चौदा तास घेतं, म्हणून घाबरून धावपळ नको. पण त्या तासांतले चार तास अंगणात काढायचे नाहीत.

सगळ्यात जपून वाच ते पाण्याचं. त्यासाठी तुला माझी गोष्ट सांगावी लागेल. ती तुझ्या आईलाही पुरती माहीत नाही.

मी नर्स होण्याआधीची गोष्ट. एकोणीस वर्षांची होते, रोवणीचे दिवस. घरात माणूसबळ कमी, म्हणून नववा लागलेला असूनही मी बांधीत उतरले. गुडघाभर चिखल, वरून पाऊस, लुगडं कमरेपर्यंत ओलं. पऱ्ह्यांची पेंडी सोडायला वाकले आणि मांडीवरून काहीतरी कोमट उतरलं. चिखलाचं पाणी गार होतं, हे कोमट, म्हणून कळलं. वाटलं, लघवी आवरली नाही. शेजारी पाच-सहा बाया गाणी म्हणत रोवत होत्या. कोणाला सांगणार? तशीच पुढची ओळ धरली. घरी आल्यावर थेंब थेंब चालूच होतं. दुसऱ्या दिवशीही. पोटात कळ नाही, म्हणून मी स्वतःला सांगत राहिले की काही नाही. तिसऱ्या दिवशी मला थंडी वाजून ताप भरला, तेव्हा सासूबाईंनी विचारलं आणि मी रडत सांगितलं. पाणमोट दोन दिवसांपूर्वी फुटली होती. बाळ झालं, पण त्याला जंतुसंसर्ग झालेला. छातीला लागायची ताकद नव्हती. महिनाभर दवाखान्यात मी त्याच्या कपाळावर हात ठेवून बसले. ही चिठ्ठी घेऊन येणारा तुझा दादा तो हाच.

म्हणून सांगते. पाणमोट फुटली की दर वेळी लोट येतोच असं नाही, नुसतं झिरपतंही. लघवी रोखता येते, हे पाणी रोखता येत नाही आणि त्याला लघवीचा वास नसतो. शंका आली तर धुतलेल्या कापडाची घडी लाव, वेळ लिहून ठेव, आणि अर्ध्या तासाने रंग बघ. स्वच्छ पाण्यासारखा किंवा किंचित गुलाबी असेल तर कळा नसल्या तरी त्याच दिवशी दवाखाना. हिरवट किंवा मळकट असेल तर बाळाने आत शी केली आहे, मग एक मिनिटही नको. कोणालाही आत हात घालून तपासू द्यायचं नाही, गावातल्या अनुभवी बाईलाही नाही.

आपल्या बायांचं हे न सांगणं नवं नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बाया तपासल्या आणि १९८९ मध्ये तो अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. शंभरातल्या ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासून घेतलेल्या होत्या जेमतेम आठ. पुढे १९९४ मध्ये सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोघींनी बाळंतपणातले तीन उशीर मांडले: ठरवायला उशीर, पोचायला उशीर, पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. प्रशिक्षणात हे ऐकलं तेव्हा मला ती बांधी आठवली. शेवटचा उशीर तुझ्या-माझ्या हातात नाही. पहिला पूर्णपणे घरातला आहे, आणि दुसऱ्यावर आज, पूर यायच्या आधी, इलाज करता येतो.

अजून एक. 'बाळ शांत झालं म्हणजे आता येणार' असं कोणी म्हणालं तर मानू नकोस. शेवटच्या दिवसांत हालचालींची तऱ्हा बदलते, पण त्या कमी होत नाहीत. कळा सुरू झाल्यावरही बाळ हलतं. जेवण झाल्यावर डाव्या कुशीवर नीज आणि मोज. दोन तासांत दहा हालचाली भरल्या नाहीत तर लगेच दवाखाना, मध्यरात्र असली तरी. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकणं, तोंडावर सूज, छातीखाली पोटाच्या वरच्या भागात दुखणं, ताप, यातलं काहीही असेल तर कळांची वाट न बघता तसंच निघायचं. कळा वाढवायचं इंजेक्शन घरी कोणी देऊ म्हणालं तर सरळ नाही म्हण. गर्भपिशवी फाटलेली मी पाहिली आहे. एरंडेलही नको. कळांत पेज, ताक, लिंबूपाणी चालेल, उपाशी राहू नको. आणि दवाखान्यात सांगेपर्यंत जोर करू नको.

तू सिकलसेलची वाहक आहेस, जावईबापूंची तपासणी चांगली आली, त्यामुळे बाळाची त्या बाजूची काळजी नाही. पण तुझं रक्त गेल्या महिन्यात ९ च्या आसपास होतं. साधं बाळंतपण तिकडच्या केंद्रातही झालं असतं, पण रक्त लागलं तर ते भंडाऱ्याला मिळेल. मोहाडीहून भंडारा वीसेक किलोमीटर, मध्ये वैनगंगाही नाही. म्हणून माझं मागणं आहे की शनिवारीच इकडे ये. सासूबाईंशी मी स्वतः बोलेन. त्या तुझं वाईट चिंतत नाहीत. त्यांची तिन्ही बाळंतपणं त्याच घरात झाली, त्यांना भीती वाटत नाही एवढंच.

शनिवारपर्यंत काही झालं तर १०२ ची गाडी गरोदर बाईसाठी फुकट आहे, आणि रक्तस्राव, झटका असं काही असेल तर १०८. दोन्ही नंबर जावईबापूंच्या फोनमध्ये घाल आणि भिंतीवरही लिही. आशाताईंनाही आजच सांगून ठेव. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषध, जेवण, परतीची गाडी यांचे पैसे लागत नाहीत, २०११ पासून तसा नियमच आहे. खर्चाच्या विचाराने कोणी थांबवू नये. कार्ड, रक्तगटाचा कागद, सिकलसेलचा रिपोर्ट, आधार आणि बँकेचं पासबुक एका पिशवीत घालून दाराजवळ टांग.

दवाखान्यात गेलीस आणि त्यांनी 'अजून वेळ आहे, घरी जा' म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नको. माझ्याकडे दोनदा-तिनदा परत गेलेल्या कितीतरी जणी होत्या, आणि त्यांच्यापैकी एकीवरही मी कधी चिडले नाही. चुकीच्या फेरीचं डिझेल मी भरीन.

इकडे दोन जुन्या लुगड्यांची दुपटी फाडून, उकळून ठेवली आहेत. पावसात वाळेनात, म्हणून काल चुलीवर दोरी बांधली. धुराचा वास राहिला आहे, तो शनिवारपर्यंत जाईल.

तुझी आत्या