भीतीच्या गेममध्ये पोरं काय करतात?

आई-बाबांनो, रात्री जेवणं उरकली की पोरगं मोबाइल घेऊन कोपरा धरतं, कानात हेडफोन घालतं आणि मध्येच असं दचकतं की आजी विचारते, “काय झालं रे?” स्क्रीनवर काळोख आणि दात विचकणारं अस्वल. “कसले हे भुताखेताचे खेळ!” म्हणत आपण मोबाइल काढून घेतो. राजूरच्या पेठेत काय नि डांगाणातल्या वाडीवर काय, वाद तोच. तो मिटवायचा तर आधी गेम समजून घेऊ.

यातल्या पुष्कळ गेमवर ‘फाइव्ह नाइट्स अ‍ॅट फ्रेडीज’ची छाप आहे. अमेरिकेच्या स्कॉट कॉथन यांनी तो २०१४ साली काढला. खेळणारा एका हॉटेलातला रात्रपाळीचा वॉचमन. बारापासून सहापर्यंत तग धरायचा. खेळताना ही रात्र जेमतेम नऊ मिनिटांची. हॉटेलातली यांत्रिक बाहुली अंधारात चालत येतात. हातात शस्त्र नाही. आहेत ते कॅमेरे, दोन दारं, दिवे आणि मोजकी वीज. भिऊन दोन्ही दारं लावून बसलात, तर पहाटेआधीच वीज संपते आणि दारं आपोआप उघडतात. म्हणून पटकन कॅमेरा बघायचा, दाराशी क्षणभर दिवा लावायचा, कुणी असेल तरच दार लावायचं आणि तो गेला की लगेच उघडायचं. प्रत्येक बाहुल्याची खोड वेगळी. एक डाव्या दाराशी येतं, एक उजव्या. पडद्याआडच्या कोल्ह्याकडे फार वेळ पाहिलंच नाही, तर तो थेट धावत सुटतो.

भीती वाटत असताना नजर ठेवणं आणि जपून वागणं आपल्या भागाला नवीन नाही. आपल्याच अकोले तालुक्याच्या बागायती खोऱ्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रात्री आपोआप फोटो टिपणारे कॅमेरे लावून बिबट्यांचा अभ्यास केला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. अंगावरच्या ठिपक्यांवरून एकेक बिबट्या ओळखला, तेव्हा भर वस्तीच्या त्या भागात दर शंभर चौरस किलोमीटरला साधारण पाच प्रौढ बिबटे निघाले. आपल्याकडे वाघबारशीला वाघोबा पुजतात आणि रात्री पिकाला पाणी द्यायला जाणारा माणूस बॅटरी मारत, मोठ्यानं बोलत जातो. पोराला हे सांगा. त्याच्या गेमपेक्षा ही गोष्ट त्याला जास्त खिळवून ठेवील.

मग त्याच्याशेजारी बसा. “दार कधी लावतोस? वीज का संपली?” असं विचारा. आपली चाल दुसऱ्याला समजावताना तो विचार करतो. एकट्यानं तासन्‌तास खेळताना नुसता दचकत राहतो.

तरी काही गोष्टींत सूट नको. असे गेम वेबसाइट उघडून ब्राउझरमध्येही खेळता येतात. तो गेम डाउनलोड करावा लागत नाही, त्यामुळे मोबाइलमध्ये त्याचं चिन्ह दिसत नाही. अशा साइटवर बऱ्याचदा मूळ गेमच्या नकला असतात आणि वयाची सूचना नसते. जाहिरातीतल्या ‘डाउनलोड’च्या बटणाला हात लावायचा नाही, नोटिफिकेशनला परवानगी द्यायची नाही, हे आधीच बजावा. धाकटं भावंड शेजारी असताना हा गेम नको आणि झोपायच्या आधीचा तासभर तर नकोच. पोर एकटं झोपायला, रात्री लघवीला उठायला घाबरू लागलं, तर गेम काही दिवस बंद. “एवढा मोठा झालास नि घाबरतोस?” असं मात्र म्हणू नका, पुढच्या वेळी ते भीती लपवील.

आणि वेळेचा हिशेब त्याच्याच हाती द्या. आठवड्याचे तीन तास ठरवा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजची मिनिटं त्यालाच लिहू द्या. पहिल्या आठवड्यात बुधवारीच सगळे संपतील. ओरडू नका, वाढवूनही देऊ नका. पुढच्या सोमवारी तो स्वतःच वाटणी करायला बसेल.