पदवी आणि परवाना : परदेशी समुपदेशन-शिक्षणाचा एक अभ्यास



बारावीनंतर मानसशास्त्र विषय घेणारी मुले-मुली आता आपल्या इंदूरच्या मराठी घरांतही दिसू लागली आहेत. त्यांपैकी काही माजी विद्यार्थी पदवीच्या शेवटच्या वर्षात आले की शाळेत भेटायला येतात आणि विचारतात, "सर, समुपदेशनाची मास्टर्स पदवी अमेरिकेतून करावी का?" या प्रश्नाचे 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात उत्तर देता येत नाही. मात्र विचार कोणत्या क्रमाने करावा हे निश्चित सांगता येते. बहुतेक घरांत आधी विद्यापीठ पाहिले जाते, मग फी, मग व्हिसा, आणि नोकरीचा विचार सर्वांत शेवटी होतो. समुपदेशनाच्या बाबतीत हा क्रम उलटा ठेवावा लागतो. तो का, हे समजण्यासाठी हा पाठ.

१. आधी शब्द समजून घेऊ

माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. आमच्या पुस्तकांत 'परामर्श' असा शब्द होता आणि त्याचा अर्थ आम्ही 'सल्ला' असाच घेत असू. मराठीत 'समुपदेशन' म्हणतात. त्यातही 'उपदेश' दडलेला असल्याने पुष्कळांचा तोच समज होतो. प्रत्यक्षात या व्यवसायात उपदेशाला फार थोडी जागा आहे. एक उदाहरण घेऊ. अकरावीतला मुलगा म्हणतो, "घरचे म्हणतात इंजिनिअरिंगच कर. माझं कशातच मन लागत नाही."

पहिले उत्तर : "अरे, आई-वडील तुझ्या भल्याचंच सांगतात."
दुसरे उत्तर : "मग तू कॉमर्स घे."
तिसरे उत्तर : "कशातच मन लागत नाही म्हणतोस. हे कधीपासून होतंय, ते सांगशील?"

पहिली दोन उत्तरे आपण सगळेच देतो, शिक्षक तर हमखास देतात. समुपदेशक तिसऱ्यापासून सुरुवात करतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५१ सालच्या आपल्या पुस्तकात या पद्धतीची सविस्तर मांडणी केली. समोरच्याला विनाअट स्वीकारणे, त्याच्या जागी जाऊन समजून घेणे आणि स्वतः प्रामाणिक असणे, हा त्यांच्या विचाराचा गाभा आहे. आजही बहुतेक अभ्यासक्रमांत सुरुवातीला हेच घटवून घेतात.

दुसरा गोंधळ पदनामांचा आहे. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय डॉक्टर असतो आणि औषधे देऊ शकतो. अमेरिकेत 'सायकॉलॉजिस्ट' हे नाव लावायला बहुतेक राज्यांत डॉक्टरेट लागते. 'प्रोफेशनल काउन्सेलर' होण्यासाठी मास्टर्स पदवी आणि राज्याचा परवाना लागतो. पुढचे सर्व विवेचन या तिसऱ्या वाटेचे आहे.

२. तेथे हा व्यवसाय कसा उभा राहिला

याची सुरुवात व्यवसाय-मार्गदर्शनातून झाली. १९०८ साली फ्रँक पार्सन्स यांनी बॉस्टन शहरात तरुणांना योग्य काम निवडायला मदत करणारे केंद्र सुरू केले. १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडल्यावर अमेरिकेला आपल्या शाळांची चिंता वाटू लागली आणि १९५८ च्या कायद्याने शालेय समुपदेशकांच्या प्रशिक्षणाला सरकारी पैसा मिळाला. पुढे हे काम शाळेबाहेर, मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात गेले. १९७६ साली व्हर्जिनिया राज्याने समुपदेशकांसाठी परवान्याचा पहिला कायदा केला, आणि २००९ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केल्यावर पन्नासही राज्ये पूर्ण झाली. १ जानेवारी २०२४ पासून मेडिकेअर ही वृद्धांसाठीची सरकारी विमा योजनाही परवानाधारक समुपदेशकांचे शुल्क देऊ लागली.

या इतिहासातून आपल्याला घ्यायचा मुद्दा असा : परवाना देणे हे राज्याचे काम आहे. विद्यापीठ तो देत नाही, आणि दिल्लीप्रमाणे वॉशिंग्टनहूनही तो मिळत नाही. प्रत्येक राज्याचे मंडळ वेगळे आणि परवान्याची नावेही वेगळी. टेक्सासमध्ये 'एलपीसी' म्हणतात, तर न्यूयॉर्कमध्ये 'एलएमएचसी'. शाळेत काम करायचे असेल तर त्याचे प्रमाणपत्र आणखी निराळे, तेही राज्याच्या नियमांनुसार मिळते.

३. दोन-तीन वर्षांत काय शिकवतात

पदवी साधारण ६० क्रेडिटची असते आणि पूर्ण वेळ शिकल्यास दोन ते तीन वर्षांत होते. या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी 'केकरेप' नावाची संस्था १९८१ पासून काम करते. तिच्या निकषांनुसार मूळ विषय आठ आहेत : व्यावसायिक नीती, सामाजिक व सांस्कृतिक विविधता, मानवी विकास, व्यवसाय-विकास, समुपदेशनाची कौशल्ये, गट-समुपदेशन, चाचण्या व मूल्यमापन, आणि संशोधन.

वर्गाइतकेच महत्त्व प्रत्यक्ष कामाला आहे. आधी किमान १०० तासांचे प्रात्यक्षिक, त्यात ४० तास प्रत्यक्ष व्यक्तींसोबत. मग ६०० तासांची इंटर्नशिप, त्यात २४० तास प्रत्यक्ष. हे काम बहुतेक ठिकाणी बिनपगारी असते. पुष्कळदा बैठकीचे ध्वनिमुद्रण किंवा चित्रण करून मार्गदर्शक ते विद्यार्थ्याबरोबर तपासतात. आपण कुठे घाईने बोललो, कुठे शांत राहायला हवे होते, हे स्वतःच्याच आवाजात ऐकावे लागते. ज्याला टीका सोसत नाही त्याला हा भाग जड जातो.

नीतीचा विषय गंभीर आहे. समोरच्याने सांगितलेली गोष्ट गुप्त ठेवणे हा नियम, पण त्याला मर्यादा आहेत. १९७६ सालच्या टॅरासॉफ खटल्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की उपचार घेणाऱ्या व्यक्तीकडून दुसऱ्या कुणाच्या जिवाला गंभीर धोका दिसत असेल तर त्या दुसऱ्या व्यक्तीच्या रक्षणासाठी वाजवी पावले उचलणे हे चिकित्सकाचे कर्तव्य आहे. आपल्याकडे शिक्षकाने ऐकलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत घरी पोहोचते. म्हणून हा धडा आपल्या मुलांनी मुद्दाम नीट शिकावा.

४. पदवीनंतरचे गणित

आता मुख्य भाग. पदवी हाती आली म्हणजे परवाना मिळाला असे होत नाही. पदवीनंतर राज्याकडून तात्पुरती किंवा सहायक दर्जाची परवानगी घ्यावी लागते. टेक्सासमध्ये अशा उमेदवाराला 'असोसिएट' म्हणतात, व्हर्जिनियात 'रेसिडेंट'. मग अनुभवी परवानाधारकाच्या देखरेखीखाली ठरावीक तास काम करायचे आणि राज्याने नेमलेली परीक्षा उत्तीर्ण व्हायचे. टेक्सासमध्ये ३००० तास लागतात, त्यांतले १५०० प्रत्यक्ष समुपदेशनाचे, आणि कालावधी किमान १८ महिने. न्यूयॉर्कमध्ये ३००० तास, व्हर्जिनियात ३४००.

विद्यार्थी-व्हिसावर गेलेल्याला पदवीनंतर 'ओपीटी' या नावाने काम करण्याची मुभा असते, ती १२ महिन्यांची. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या ठरावीक विषयांना आणखी २४ महिने मिळतात. मानसिक आरोग्य समुपदेशन त्या यादीत येत नाही. आता वहीत मांडून पाहा :

आठवड्याला ४० तास × ५२ आठवडे = २०८० तास.
गरज ३००० तासांची. तूट ९२० तासांची.

हा हिशेब एकही सुट्टी न घेता, आणि पहिल्या दिवसापासून काम मिळाले असे धरून केला आहे. प्रत्यक्षात सहायक परवान्याच्या कागदपत्रांत काही आठवडे जातात आणि ओपीटीचे घड्याळ चालूच राहते. उरलेल्या तासांसाठी दुसरा व्हिसा लागतो. एच-१बी साठी नोकरी देणारी संस्था तयार हवी, आणि बहुतेकांना चिठ्ठीत नाव निघण्याची वाट पाहावी लागते. विद्यापीठे व त्यांच्याशी संलग्न काही ना-नफा संस्थांना चिठ्ठीचे बंधन नाही, म्हणून नोकरी शोधताना त्या आधी पाहाव्यात. संगणक शिकायला गेलेल्या चुलतभावाचा अनुभव येथे जसाच्या तसा लागू पडत नाही, ते या कारणामुळे.

जमीन किंवा घर गहाण ठेवून कर्ज काढणाऱ्या पालकांनी हा हिशेब कर्जाच्या अर्जाआधी करावा. 'तिकडे नोकरी लागली की दोन वर्षांत कर्ज फिटेल' हे गृहीत या विषयात कच्चे आहे.

५. अर्ज करण्यापूर्वी

(अ) राहायचे राज्य आधी ठरवा. त्या राज्याच्या परवाना-मंडळाचे नियम वाचा, आणि मग त्या नियमांत बसणारा अभ्यासक्रम शोधा. ओहायोसारखी काही राज्ये केकरेप-मान्य पदवीच मागतात.

(आ) आपली बी.ए. तीन वर्षांची असेल तर ती तेथील चार वर्षांच्या पदवीबरोबर धरली जाईल का, हे प्रत्येक विद्यापीठाला लेखी विचारा. काही ठिकाणी तीन वर्षे चालतात, काही ठिकाणी त्यावर एम.ए. लागते. नव्या शिक्षण धोरणानुसार चौथे वर्ष करण्याची सोय असेल तर त्याचा विचार करा.

(इ) खर्च काढताना प्रति क्रेडिट शुल्काला ६० ने गुणा. त्यात राहणे, जेवण, आरोग्य विमा, विद्यार्थ्याचा व्यावसायिक विमा आणि इंटर्नशिपच्या ठिकाणी जाण्या-येण्याचा खर्च मिळवा. अनेक गावांत बस नसते, गाडी लागते. सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येते.

(ई) इंग्रजीची परीक्षा उत्तीर्ण होणे आणि इंग्रजीत दुसऱ्याचे रडणे समजून घेणे यांत अंतर आहे. 'जीव घाबरतो', 'डोक्याला ताप झालाय', 'आतून तुटल्यासारखं वाटतं' या आपल्या बोलण्यात कुठे शरीर आहे आणि कुठे मन, हे आपल्याला न सांगता कळते. तसेच तेथील माणसाचे साधे, घरगुती इंग्रजी कळायला हवे. हिंदी किंवा मराठी माध्यमाच्या मुलांनी यामुळे मागे हटू नये, पण तयारी वर्षभर आधी सुरू करावी. दोन-तीन भाषांत वाढलेल्या मुलाला शब्दामागचा अर्थ शोधण्याची सवय असते. ती या कामात उपयोगी पडते.

६. परत यायचे असेल तर

परत येण्याचा विचार असेल तर इकडचेही नियम आधीच पाहावेत. भारतात 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणून काम करायला १९९२ च्या कायद्याखालील पुनर्वास परिषदेची मान्य पात्रता आणि नोंदणी लागते. परदेशी समुपदेशन-पदवीने ती आपोआप मिळत नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा कायद्यात समुपदेशकांचाही समावेश आहे, त्याखालील नोंदणीचे नियम पाहावेत. परदेशी पदवीच्या समकक्षतेसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये नियम केले आहेत.

गरज मात्र खरी आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी दिलेल्या निर्देशांत, १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा असे म्हटले आहे. कोचिंगच्या वर्गांनी भरलेल्या आपल्या शहराला याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

ही विद्या मराठीत नाही असेही समजू नये. अमेरिकेतील अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मुंबईत राहून मराठी वाचकांपर्यंत आणली. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये मानसिक आरोग्यासाठी संस्था उभी केली. एनसीईआरटीने शिक्षकांसाठी मार्गदर्शन व समुपदेशनाचा पदविका अभ्यासक्रम भोपाळच्या क्षेत्रीय शिक्षा संस्थानातूनही चालवला आहे. परदेशी जाण्यापूर्वी एखाद-दुसरे वर्ष इकडे काम केले, तर हा व्यवसाय आपल्याला झेपतो की नाही हे कमी खर्चात कळते.

७. स्वाध्याय

१) अमेरिकेतील कोणतेही एक राज्य निवडा. तेथील परवान्याचे नाव, लागणारे तास आणि परीक्षा वहीत लिहा.
२) त्या तासांतून २०८० वजा करा. उरलेले तास कोणत्या व्हिसावर पूर्ण करणार, ते एका वाक्यात लिहा.
३) आठवडाभर, कुणी अडचण सांगितली की सल्ला न देता आधी एक प्रश्न विचारा. काय घडले ते लिहा.
४) पालकांसाठी : कर्जाची रक्कम, आणि परवाना न मिळता मूल परत आले तर ती कशी फेडणार, हे मुलासमोर बसून लिहा.

ज्यांना या वाटेचा विचार करायचा आहे त्यांनी स्वाध्याय पूर्ण करून वही घेऊन यावे. शनिवारी शाळा सुटल्यावर मी तासभर कार्यालयात असतो. आणि एखाद्या मुलाला किंवा पालकाला आजच कुणाशी बोलण्याची गरज वाटत असेल, तर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या सरकारी 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक टिपून ठेवावा. तेथे हिंदीत आणि मराठीतही बोलता येते.