खाजणारे चट्टे आणि न खाजणारा चट्टा

कर्जतकडे पोशीर भागात भातलावणीच्या चिखलात पायांना चिखल्या होतात, तशाच आपल्याकडे उसाला दारं धरताना. बेचक्यांतली कातडी पांढरी पडून फाटते. पाय धुऊन कोरडे ठेवावेत. गजकर्णाचा चट्टा गोल, कडेने लाल नि मधे साफ होत जाणारा. दुकानातून परस्पर आणलेल्या मलमात पुष्कळदा स्टेरॉइड असते. खाज थांबते, पण गजकर्ण पसरतच जाते. खरूज रात्री जास्त खाजते; एकाला झाली तरी औषध घरातल्या सगळ्यांनी एकदमच लावायचे.

हे खाजते म्हणून माणूस दवाखाना गाठतो. घात करतो तो न खाजणारा चट्टा. फिक्कट किंवा लालसर, आणि मोराचे पीस फिरवले तरी कळत नाही. तो कुष्ठरोग असू शकतो. १९८३ पासून देशात बहुविध औषधोपचार सुरू झाला. सरकारी आरोग्य केंद्रात गोळ्या फुकट मिळतात, ६ ते १२ महिने घ्यायच्या. औषध सुरू झाले की लागणीची भीती लवकरच सरते, माणसाला गोठ्यात वेगळे निजवायचे कारण नाही. पण उशीर झाला की नसा जातात, आणि वाकडी झालेली बोटं गोळ्यांनी सरळ होत नाहीत. "विडीचा चटका बसला, कळलंच नाही," असे घरी किंवा तोडणीच्या टोळीत कुणी म्हणाले, तर हसण्यावारी नेऊ नका. त्याच आठवड्यात त्याला केंद्रात घेऊन जा.